डोळे जमतात, मग चेहरा का जमत नाही? स्मिता पाटील यांच्या पेन्सिल पोर्ट्रेटच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने स्मिता पाटील यांचं ए-थ्री आकाराचं पेन्सिल पोर्ट्रेट काढलंय, इंटरनेटवर मिळालेल्या एका कृष्णधवल फोटोवरून. डोळ्यांचं सगळे कौतुक करतात, पण घरचेच म्हणतात की ‘ही स्मिता वाटत नाही’. केसांचा आणि साडीच्या काठाचा भाग काळा होण्याऐवजी चकाकतो, आणि गाल धुरकट झालाय. महागड्या पेन्सिली घ्याव्यात का आणि पुढे अशी चित्रं विकता येतील का, हे तिला विचारायचंय. सोबत तिने मूळ फोटो आणि चित्र दोन्ही पाठवलंय.

पेन्सिलींचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. तुमच्याकडे आहेत त्या पेन्सिली पुरेशा आहेत. अप्सरा किंवा कॅमलच्या ड्रॉइंग पेन्सिलींवर उत्तम पोर्ट्रेट होतं. स्टेडलर किंवा फेबर-कास्टेलचं शिसं थोडं एकसारखं उतरतं, मध्येच खडा लागत नाही, इतकाच फरक. एकच भर घाला, एक चारकोल पेन्सिल, म्हणजे कोळशाची. ती का, ते पुढे येईल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चित्र डोळ्यांपासून सुरू केलंत आणि पहिल्या बैठकीतच ते पापण्यांसकट पूर्ण केलेत. हे तुम्ही लिहिलं नसतं तरी चित्र बघून कळलं असतं. आवडत्या माणसाचं चित्र काढणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. स्मिता पाटील म्हटलं की आपल्याला आधी डोळेच आठवतात; मग ते कागदावर नकळत मोठे होतात, आणि एकदा इतक्या मेहनतीने रंगवलेले डोळे कोण खोडणार? मग नाक, ओठ, हनुवटी हे सगळं त्या डोळ्यांच्या सोयीने जागा घेत जातं. तुमच्या चित्रात डोळे फोटोपेक्षा थोडेच मोठे आहेत, पण त्यामुळे नाकाचा शेंडा आणि वरचा ओठ यांतलं अंतर आखडलंय, जबडा निमुळता झालाय आणि रुंद जिवणी लहान झालीय. शिवाय गालाचा रंग दोन छटा उजळ झालाय. चाहत्याचं प्रेम हे असं हाताला धक्का देतं. फोटो समोर असतो, पण आपण काढत असतो मनातली मूर्ती.

माणूस पापण्यांवरून ओळखू येत नाही. रस्त्याच्या पलीकडून ओळखीचं कोणी येताना दिसलं तर आपण लगेच हात करतो. तेव्हा त्याच्या डोळ्यातलं काही दिसत नसतं. दिसतो तो डोक्याचा आकार, कपाळ आणि हनुवटीचं प्रमाण, डोळ्यांच्या खोबणीतल्या सावल्या, गालफडाखालची काळोखी. फोटो आणि तुमचं चित्र दोन्ही मोबाइलवर शेजारी ठेवा आणि टपाल तिकिटाएवढे लहान करा. फोटोतली स्मिता त्या आकारातही स्मिताच राहील. चित्रातली राहिली नाही, तर चूक मोठ्या आकारांत आहे, आणि बारकाव्यांनी ती कधीच भरून निघणार नाही.

म्हणून पुढचं चित्र काढताना पहिली बैठक फक्त मोजमापाची. ग्रिड वापरायला लाजू नका. ‘ग्रिड म्हणजे फसवणूक’ हे मत आपल्याकडे फार ऐकू येतं, विशेषतः ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमीजिएटला स्मरणचित्रात चांगले गुण घेतलेत त्यांच्याकडून. चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराने 1967-68 साली स्वतःचं जवळजवळ नऊ फूट उंचीचं कृष्णधवल आत्मचित्र फोटोवर चौकटी आखूनच काढलं, आणि पुढेही चौकटींची ती पद्धत सोडली नाही. फोटोवर मोबाइल अ‍ॅपने चौकटी टाका, ए-थ्री कागदावर दोन सेंटिमीटरचे चौकोन पुरेत. डोळे आणि ओठ येतात तेवढ्या चौकोनांचे आणखी चार भाग करा. मात्र कागदावरची ग्रिड एचबीने, पेन्सिल जवळजवळ हवेत धरून आखा. टू-एचसारखी कडक पेन्सिल दाबून आखलीत तर कागदात चर पडतो, रेघ खोडली तरी चर राहतो आणि नंतर शेडिंग करताना गालावरून एक पांढरी रेघ आरपार जाते. तुमच्या चित्रात डाव्या गालावर ती दिसतेय.

ग्रिडवर भिस्त ठेवून थांबू नका, कोन तपासा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत एक मनातली रेघ, तिथून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दुसरी. फोटोवर पट्टी ठेवून हे कोन बघा, मग चित्रावर. तुमचा फोटो तीन-चतुर्थांश बाजूचा, म्हणजे चेहरा थोडा वळलेला आहे, त्यामुळे ‘चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी’ हा पुस्तकी नियम इथे निकामी; लांबचा डोळा आखूड दिसतो आणि त्याचा बाहेरचा कोपरा जवळजवळ चेहऱ्याच्या कडेला जाऊन भिडतो. बाह्यरेषा झाली की कागद उलटा करून बघा, आरशात बघा. आपल्या चुकांची आपल्याला सवय झालेली असते, आरसा ती मोडतो. सगळं जुळेपर्यंत एकही छटा भरायची नाही. एक अख्खी संध्याकाळ यात गेली तरी चालेल.

फोटोबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण अर्ध्याहून अधिक पोर्ट्रेटं इथेच बिघडतात. तुम्ही घेतलेली प्रतिमा मोठी करून बघा: गालावर त्वचेचा पोत नाही, फक्त चौकोनी ठिपके आहेत. तरी तुमच्या चित्रात गालभर रोमछिद्रं आहेत. ती आली कुठून? व्हिडिओ बघून शिकलेली, सगळ्या चेहऱ्यावर सारखी पसरलेली ती रोमछिद्रं आहेत, आणि त्यामुळे गाल एखाद्या अनोळखी बाईचा वाटतो. फोटोत जे नाही ते वास्तववादी चित्रात घालायचं असेल तर त्या व्यक्तीचे दुसरे चार-पाच फोटो शेजारी हवेत, शक्यतो त्याच वयातले आणि त्याच बाजूचे. जुन्या मासिकातून स्कॅन केलेला फोटो असेल तर छपाईचे ठिपके त्वचेचा पोत समजून उतरवले जातात, तिकडेही लक्ष ठेवा. आणि आणखी जुन्या काळात गेलात, समजा बालगंधर्वांच्या फोटोवरून काम करायला घेतलंत, तर एक गंमत लक्षात असू द्या: त्या काळच्या स्टुडिओत निगेटिव्हवरच बारीक पेन्सिलीने रिटचिंग करून सुरकुत्या आणि डाग घालवण्याची सर्रास पद्धत होती. म्हणजे गुळगुळीत गाल हा आधीच एका पेन्सिलवाल्याचा हात असू शकतो.

हल्लीच्या कलाकारांचे सेल्फी तर घेऊच नका. मोबाइल हाताच्या अंतरावर असतो, त्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे पळतात. जरा लांबून काढलेला, एका बाजूने प्रकाश असलेला, सावली स्पष्ट असलेला फोटो शोधा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावल्याच नसतात. सावली नसेल तर पेन्सिलीने काढायचं काय?

छटांकडे येऊ. स्मिता पाटील सावळ्या होत्या. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत होत्या तेव्हापासून लोकांना तो चेहरा माहीत होता, तो त्या रंगासकट. तुमच्या चित्रात मात्र त्या गोऱ्या झाल्यात. यात तुमचा एकटीचा दोष नाही. पांढऱ्या कागदावर काम करताना हात गाल काळा करायला घाबरतो, ‘घाण होईल’ असं वाटतं. वर आपल्या समाजाचं गोरेपणाचं वेड आहेच. पण सावळा चेहरा उजळ केला की हाडांची ठेवणच बदलते, कारण सावळ्या त्वचेवर प्रकाशाचे ठिपके जास्त उठून दिसतात आणि गालफड, नाकाचा शेंडा, कपाळाचा उंचवटा हे सगळं त्या ठिपक्यांनी कळतं. गाल मुळातच फिका ठेवलात तर ठिपक्याला उजळायला जागाच उरत नाही.

यावर उपाय यांत्रिक आहे. त्याच कागदाच्या तुकड्यावर नऊ घरांची पट्टी करा, पहिलं घर कोरा कागद, नववं चारकोलचा पूर्ण काळा. दुसऱ्या एका जाड कागदाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडा. एक भोक फोटोतल्या गालावर ठेवा, आजूबाजूचं सगळं झाका, आणि ती छटा पट्टीवर शोधा. तुमच्या फोटोत प्रकाशाकडच्या गालाची मध्यछटा साधारण पाचव्या घरात येते. चित्रात ती तिसऱ्यात आहे. डोळ्याचा ‘पांढरा’ भाग फोटोत चौथ्या घरात आहे, चित्रात कोरा कागद. पहिल्यांदा हे करून बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही, पण भोक खोटं बोलत नाही. ज्यांना सावळी किंवा काळी त्वचा पेन्सिलीने कशी हाताळावी हे बघायचंय त्यांनी लंडनचे केल्विन ओकाफोर आणि नायजेरियाचे अरिंझे स्टॅन्ली यांची कामं मोठी करून बघावीत. त्यांत कोरा कागद किती थोड्या ठिकाणी उरलाय, तेवढंच मोजा.

आता चकाकी. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण. कोंते या फ्रेंच माणसाने 1795 साली ही युक्ती काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि गडद, ती बी. ग्राफाइटचे कण चपटे असतात. एट-बी दाबून घासलं की ते कण कागदावर सपाट निजतात आणि आरशासारखा प्रकाश परतवतात. म्हणजे जितकं दाबाल तितकं चकाकेल, काळं होणार नाही. कोळशाचे कण असे सपाट बसत नाहीत, म्हणून चारकोल मिट्ट काळा आणि मॅट दिसतो. फक्त क्रम सांभाळा: चारकोल कोऱ्या कागदावर आधी. ग्राफाइट घासून गुळगुळीत झालेल्या जागेवर चारकोल धरतच नाही, नुसता घसरतो. केसांचा सर्वांत गडद भाग, बुबुळातली बाहुली, नाकपुडीचं भोक, ओठांमधली फट, जबड्याखालची सावली, एवढ्या जागा सुरुवातीलाच चारकोलने निश्चित करा. यात दुसरा फायदाही आहे. एकदा खरा काळा कागदावर आला की गालाचं पाचवं घर घाबरवत नाही. चारकोलचा कर्कशपणा आवडत नसेल तर स्टेडलरची लुमोग्राफ ब्लॅक मालिका बघा, तिच्यात कार्बनचं प्रमाण जास्त असल्याने चकाकी कमी येते.

गाल धुरकट होण्याचं कारण तुमचं बोट. बोटाला तेल असतं. ते कागदात मुरतं आणि तिथे पेन्सिल डाग धरते. टिश्यू पेपर, मेकअपचा मऊ ब्रश, बारीक जागी इअरबड चालेल. पण घासून गुळगुळीतपणा आणणं हा मुळात आळसाचा मार्ग आहे, माझं मत विचाराल तर. एचबी किंवा एचच्या अणकुचीदार टोकाने छोटी छोटी वर्तुळं, एकमेकांवर चढणारी, अगदी हलका दाब, पाच-सहा थर. त्वचेचा पोत यातूनच आपोआप येतो, वेगळी रोमछिद्रं काढावी लागत नाहीत. आणि पोत दिसतो तोही कुठे? उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात. भर उजेडात आणि गडद सावलीत त्वचा जवळजवळ सपाटच दिसते. हाताखाली स्वच्छ कागद ठेवून काम करा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर कागद दमट होतो, पेन्सिल एकसारखी बसत नाही आणि खोडलं की तंतू उठतात; कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि काढताना पंख्याखाली थोडा सुकू द्या. साध्या कार्ट्रिज कागदावर सराव ठीक, पण इतके थर चढवायचे तर गुळगुळीत ब्रिस्टल किंवा तीनशे जीएसएमचा हॉट प्रेस कागद घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर पेन्सिलींऐवजी इथे करा.

तुमचे डोळे चांगले झालेत हे खरं, तरी त्यांतही तीन गोष्टी सांगतो. वरच्या पापणीला जाडी असते आणि तिची सावली बुबुळावर पडते. बुबुळाचा वरचा भाग म्हणून गडद हवा. तुम्ही बुबुळ सगळीकडे सारखं रंगवलंय, त्यामुळे नजर ताणल्यासारखी दिसते. दुसरं, डोळ्यातला चमकता ठिपका एका बाजूला असेल तर बुबुळ त्याच्या विरुद्ध बाजूला किंचित उजळतं, कारण प्रकाश आत शिरून पलीकडच्या बाजूला पोचतो. तिसरं, खालची पापणी. तिची आतली कड सहसा ओलसर आणि उजळ असते, पण तुमच्या फोटोत काजळ आहे. मग ती कड काळी. ओलाव्याची चमक फक्त आतल्या कोपऱ्याजवळ, सुईच्या टोकाएवढी. खालच्या पापणीचे केस त्या कडेच्या बाहेरच्या बाजूने निघतात, डोळ्याच्या गोळ्यातून नव्हे. मुळाशी दाब, मग झटक्याने उचल, आणि दोन-तीन केस एकत्र चिकटलेले.

कुंकवाकडे तुम्ही दुर्लक्ष केलंय. मोठं गोल कुंकू कंपासने काढल्यासारखं कपाळावर तरंगतंय. कपाळ वळतं तसं तेही वळायला हवं; या बाजूने बघताना ते किंचित उभट लंबगोल होईल, आणि कोरडं कुंकू असेल तर त्यावर हायलाइट नसेल. टिकलीला कडेला बारीक चमक असते, कुंकवाला नसते. त्या एका लंबगोलाने कपाळाला गोलाई येते, दहा मिनिटांचं काम आहे.

केस एकेक काढू नका. आधी गडद आणि मध्यम असे मोठे पट्टे पाडा, मग मळलेल्या कणकेसारखा दिसणारा तो नीडेबल खोडरबर चिमटीत चपटा करून उजेडाच्या बटा उचला, आणि सुटे केस फक्त कडेला, भांगाजवळ आणि कानामागे काढा. पांढरे केस हवे असतील, म्हणजे उद्या डॉ. श्रीराम लागूंची दाढी काढायला घेतलीत, तर रिकाम्या बॉलपेनने आधीच कागदात चर पाडा. ग्रिडमध्ये जो दोष होता तोच इथे कामाला येतो. पांढरा जेल पेन मात्र जपून. डोळ्यात एक ठिपका, फार तर खालच्या ओठावर एक. तुम्ही तो केसभर वापरलाय आणि केस ओले वाटतायत.

साडीच्या काठावर तुम्ही जी नक्षी काढलीत तिच्यावर किती वेळ गेला असेल याची कल्पना येते. पण ती चेहऱ्याएवढीच टोकदार आहे, म्हणून नजर तिथेच अडकते. एंग्र हा फ्रेंच चित्रकार रोममध्ये असताना तिथे येणाऱ्या प्रवाशांची पेन्सिलीने व्यक्तिचित्रं करून देई. चेहरा अत्यंत नाजूक छटांनी पूर्ण केलेला, कोट आणि झगे मात्र चार सफाईदार रेघांत. ती चित्रं आज दोनशे वर्षांनंतरही जिवंत वाटतात. सगळीकडे सारखा तपशील भरला की चित्र फोटोची झेरॉक्स होतं. कुठे थांबलो यातच काढणारा दिसतो.

विक्रीचं. स्वतःच्या सरावासाठी, घरात लावण्यासाठी कोणत्याही फोटोवरून काढा, त्याला कोणी हरकत घेणार नाही. विकायला गेलात की फोटो कोणाचा हा प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे 1977 साली छापलेला स्मिता पाटील यांचा फोटो अजूनही संरक्षित आहे, आणि सिनेमातली दृश्यंही सिनेमा प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं संरक्षित असतात. पेन्सिलीने हुबेहूब उतरवलं म्हणून तो फोटो तुमचा होत नाही. प्रकाश, कोन, क्षण हे छायाचित्रकाराने निवडलेले असतात. हयात कलाकारांच्या बाबतीत तर चेहऱ्याच्या व्यापारी वापरावरही न्यायालयांनी मनाई केल्याची उदाहरणं आहेत. 2023 साली अनिल कपूर यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने असाच आदेश दिला. तो वाद प्रामुख्याने परवानगीशिवाय चाललेल्या व्यापाराचा होता, एका चाहत्याच्या चित्राचा नव्हता, पण प्रिंट काढून टी-शर्टवर छापायचा विचार असेल तर सावध राहा.

ऑनलाइन टाकताना छायाचित्रकाराचं नाव सापडलं तर जरूर लिहा. विक्रीसाठी त्याची लेखी परवानगी मागा. बरेच जण एका मूळ चित्रापुरती आनंदाने देतात. नाहीच मिळाली तर ऑर्डरी घ्या त्या लोकांनी स्वतः काढलेल्या घरच्या फोटोंवरून. आजी-आजोबांच्या पोर्ट्रेटला मागणी नेहमीच असते, आणि तिथे ‘ही आमची आजी वाटत नाही’ असं सांगणारं गिऱ्हाईक समोरच बसलेलं असतं.